सन्मतीच्या सायकलीचा आवाज

“वाजव की,” भूपाल म्हणाला. “बाकी सगळं बघून झालं ना तुझं? मग वाजव आता.”

मी मुद्दाम वेळ काढत होतो. सकाळी जैनबनं, माझ्या बायकोनं, कानात लसणीचं तेल घातलं होतं, ते कापसानं पुसत बसलो होतो. गणपतीत ताप येऊन गेल्यापासून कानाला जरा दडे बसल्यासारखं व्हायचं. समोर स्टँडवर सन्मतीची सायकल. चाकं, चेन, सीट सगळं उतरवून ठेवलेलं, नुसती काळी कार्बनची फ्रेम धरलेली. मधल्या दांडीवर पोरानं पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहिलं होतं, अक्षर गिचमिड. त्या नावावर नजर गेली की मी दुसरीकडं बघायचो. पोराला जाऊन पाच महिने झाले होते. बावीस वर्षांचं पोर.

भूपाल चौगुले त्याचा बाप आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. तो शर्यती मारायचा, मी त्याची सायकल सांभाळायचो, हे आमचं पंधराव्या वर्षापासूनचं. पुढं तो साखर कारखान्यात लागला, मी मिरजेत सायकलचं दुकान टाकलं, आणि त्याच्या पोरानं बापाची खोड उचलली. आता पोर गेलं आणि सायकल राहिली. ती भूपालनं कुपवाडच्या मयूरी खोतला द्यायची ठरवली. एकोणीस वर्षांची मुलगी, पायात दम होता, पण भावाची जुनी लोखंडी सायकल घेऊन शर्यतीला यायची. पैशाचं नाव काढायचं नाही, असं त्यानं तिला बजावलं होतं. त्याची अट एकच. दस्तगीरनं वाजवल्याशिवाय ही फ्रेम कुणाच्या बुडाखाली जाणार नाही. दस्तगीर म्हणजे मी.

हे वाजवणं काय, ते सांगतो. लोखंडी फ्रेम बिघडली की वाकते, ती आधी कळवते. कार्बनची फ्रेम म्हणजे कापडाचे थर खळीत घट्ट बसवल्यासारखे. कुठं आपटली तर वरून रंग जसाच्या तसा आणि आतले थर सुटलेले. मग एखाद्या दिवशी उतारावर कटकन तुटते आणि माणसाची हाडं गोळा करायला लागतात. मोठ्या शहरात असल्या फ्रेमा मशिनीत घालून बघतात म्हणे. आमच्याकडं मशीन म्हणजे मी. नाण्यानं टकटक करत जायचं. थर एकजीव असतील तिथं खणखणीत वाजते, सुटले असतील तिथं बद्द. तडा गेलेल्या माठासारखी.

माझ्या कानाचं तेव्हा सांगली-कोल्हापूरपर्यंत नाव होतं. फुशारकी वाटेल, आहेच फुशारकी. तेव्हा मारायचो त्याच्या निम्मीसुद्धा नाही ही. आमचं घराणं तानपुरे करणारं. अब्बा भीमेकाठचे भोपळे पोत्यातून एकेक काढायचे, टिचकी मारायचे आणि बाजूला ठेवायचे. हा गाईल, हा नाही गाणार. दिसायला देखणा भोपळा फेकून द्यायचे आणि वाकडातिकडा छातीशी धरायचे. “डोळा फसतो बेटा, कान फसत नाही,” हे मी लहानपणी हजार वेळा ऐकलं असेल. तानपुऱ्यात माझं मन रमलं नाही, पण कान मी घरातूनच घेऊन आलो होतो.

सन्मतीच्या फ्रेमवरून मलमलीचं फडकं फिरवून झालं होतं. कुठं बारीकसा तडा असेल तर धागा अडकतो. अडकला नाही. बॅटरीच्या उजेडात जोड न् जोड बघितला, सीटची दांडी उपसून आत डोकावलो. सगळं स्वच्छ. पोरानं सायकल अशी ठेवली होती की बघत राहावं.

मी पाच रुपयांचं जाड नाणं उचललं. माझा स्टँड फरशीत रोवलेला, भिंतीलगत. फ्रेमची उजवी बाजू मोकळ्या अंगाला यायची, तिथं वाकून उजवा कान लावायचा. डावी बाजू भिंतीकडं, जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट. तिथं घुसून डावा कान लावायचा. वीस वर्षांची सवय. वरची दांडी, खालची दांडी, सगळ्या छान बोलल्या. मग मागच्या चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या त्या बारक्या दांड्या. उजवी वाजवली. टण, टण, टण. भिंतीकडं घुसलो आणि डावी वाजवली.

ती बद्द वाजली. परत वाजवली, बोटभर पुढं, बोटभर मागं. बद्दच.

“काय झालं?” भूपालनं विचारलं.

“डावी गेलीय.”

“गेलीय म्हणजे?”

“आतून सुटलीय. बद्द वाजतेय.”

फ्रेम न्यायला आलेली मयूरी जवळ येऊन उभी होती. “चाचा, परत एकदा वाजवा बघू,” ती म्हणाली. मी वाजवून दाखवली. ती जरा घुटमळली. “मला तर दोन्हीकडं सारखंच ऐकू आलं.”

“बाळ, तुझा कान सायकलच्या घंटीवर वाढलाय,” मी म्हणालो. “माझा तानपुऱ्यावर.”

ती ओशाळली आणि मागं सरकली. भूपाल हसला नाही.

“अशी बद्द कशानं होते?” त्यानं विचारलं.

“आपटल्यानं.”

“ठेवता-उचलताना आपटली तर?”

“तेवढ्यानं काय होत नाही हिला. डाव्या अंगावर जोरात पडला असणार कुठंतरी. चालवताना पडल्याशिवाय अशी व्हायची नाही.”

एवढं बोलायची काही गरज नव्हती. बद्द वाजते, देऊ नको, इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कुणी विचारलं की मला सगळं माहीत असायचं, हा माझा जुना रोग. भूपाल टायरांच्या ढिगावर बसला. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला एकदम आठवलं. बोलून गेल्यावर आठवलं.

सन्मती जूनमध्ये गेला. संध्याकाळी सराव करून आला, डोकं ठणकतंय म्हणाला, दूध पिऊन झोपला तो सकाळी उठलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झाला असणार. आणि विचारलं, गेल्या महिना-दीड महिन्यात कुठं पडला होता का? डोक्याला मार? कधी कधी तेव्हा काही वाटत नाही, आत हळूहळू रक्त साठत राहतं. आधी आणलं असतं तर करता येतं काहीतरी. मी तिथंच होतो. भूपाल म्हणाला, नाही. पद्मावती वहिनी म्हणाल्या, पडला असता तर मला सांगितलं असतं. मग डॉक्टर म्हणाला, एखाद्याची रक्तवाहिनीच जन्मापासून कच्ची असते, त्याला कुणी काय करू शकत नाही. चिरफाड नको म्हणून घरी आणलं. कुणी काय करू शकत नाही, या एका वाक्यावर त्या दोघांनी पाच महिने काढले होते.

“म्हणजे पडला होता तो,” भूपाल म्हणाला.

“तसंच काही नाही रे.”

“तूच म्हणालास की आत्ता. चालवताना पडल्याशिवाय होत नाही.”

माझा शब्द मला गिळता येईना. बद्द वाजलेली फ्रेम दुकानाबाहेर अख्खी जाऊ द्यायची नाही, असा माझा नियम होता, नाहीतर रंग मारून कुणीतरी परत विकतो. मी फडकं ओलं केलं, करवत काढली. भूपालनं ती माझ्या हातातून घेतली. मागच्या त्या दोन्ही दांड्या त्यानं स्वतः कापल्या, आधी डावी, मग उजवी. काळा भुगा ओल्या फडक्यावर पडत होता. कापलेलं तोंड त्यानं उजेडात धरलं.

“आत तर चांगलं दिसतंय.”

“असली फट डोळ्याला दिसत नाही,” मी म्हणालो.

त्यानं ते दोन तुकडे कागदात गुंडाळले आणि काखेत मारून घरी गेला. मयूरी आपली लोखंडी सायकल घेऊन कुपवाडला गेली.

आठवडाभरानं मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणून ठेवला, पण त्या बसल्या नाहीत.

“तू सांग हिला,” भूपाल म्हणाला.

“यांनी सांगितलंय मला सगळं,” वहिनी म्हणाल्या. “भावजी, तो पडला नव्हता.”

“वहिनी, फ्रेम तर तसं सांगतेय.”

“फ्रेमचं मला कळत नाही. पोराचं कळतं.”

त्यांचं म्हणणं काय होतं, ते मला माहीत होतं. सन्मती सोळा वर्षांचा असताना अंकलीच्या पुलावर पडला आणि बापापासून लपवलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकाचा फोर्क वाकलेला, तशीच सायकल घेऊन सरावाला आला. भूपालच्या लक्षात आलं. त्यानं सगळ्या पोरांसमोर त्याच्या अशी थोबाडीत मारली की पोराच्या ओठातून रक्त आलं. भूपाल वाईट माणूस नव्हता. सायकलवरून पडून मेलेली दोन पोरं त्यानं बघितली होती. त्या रात्री वहिनींनी पोराचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि त्याच्याकडून शपथ घेतली. पडलास तर बापाला सांगू नको, मला सांग. मी बघते काय करायचं ते.

“त्यानंतर चार वेळा पडला,” वहिनी म्हणाल्या. “चारही वेळा आधी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. पाणी प्यायचं निमित्त करून. मला लगेच कळायचं.”

“पाचव्यांदा नाही आला,” भूपाल म्हणाला.

“आला असता.”

“माझा हात आठवला असेल त्याला.”

“हात तुमचा होता. शपथ माझी होती.” त्या माझ्याकडं वळल्या. “भावजी, पडला असता आणि मला बोलला नसता, असं होणार नाही.”

मी चहा प्यायलो. दोघंही माझ्याकडं बघत होते, न्याय करायला बसवल्यासारखे. मी म्हणालो, “वहिनी, आवाज खोटं बोलत नाही.”

हे माझं वाक्य. अब्बांचं थोडं, माझं थोडं.

तिथून त्या घरात बोलणं थांबलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. वहिनी ताट वाढून ठेवायच्या, भूपाल जेवून उठायचा. पहाटे पोरांना शर्यतीचं शिकवायला तो रस्त्यावर उभा राहायचा, ते त्यानं सोडलं. मला एकदा म्हणाला, “मी त्याला मारलं दस्तगीर. आजारानं नाही गेला. माझ्या भीतीनं गेला.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या जुलैत सांगलीच्या एका वकिलानं नवीकोरी फ्रेम मागवली. खोकं माझ्याच दुकानात आलं, मीच फोडलं. जोडायच्या आधी सवयीनं नाणं फिरवलं. उजवी टणटणीत, डावी बद्द. मला वाटलं, येताना आपटली. वकिलाला दाखवायला डावी बाजू उजेडाकडं असावी म्हणून मी फ्रेम सोडली आणि उलटी करून परत धरली. आता डावी बाजू माझ्या अंगाला आली. वाजवली.

खणखणीत वाजली.

मी भिंतीच्या फटीत घुसलो. तिथं आता उजवी बाजू होती, मघाशी छान वाजलेली. ती बद्द. मी ती फ्रेम चार वेळा फिरवली. जी बाजू भिंतीकडं जाईल ती बद्द. मग पाणी प्यायचा स्टीलचा पेला उजव्या कानाशी धरून नाणं मारलं, नंतर डाव्या कानाशी धरून मारलं. आणि खाली बसलो. डावा कान गेला होता माझा. गणपतीतल्या त्या तापापासून गेला होता, आणि मी त्याला दडे म्हणत तेल घालत बसलो होतो. वर्षभरात कितीक चांगल्या फ्रेमा मी कापायला लावल्या असतील देव जाणे. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच होती.

कोल्हापूरला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवलं. मिरजेत डॉक्टरांना काय तोटा नाही, पण इथं कुणीतरी बघितलं असतं. त्यानं कानावर यंत्र लावलं, शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाला, नस गेलीय. तापानं होतं कधी कधी. लगेच आला असतात तर औषध होतं.

घरी येताना एसटीत मी ठरवून टाकलं होतं की उद्या सकाळी भूपालकडं जायचं. सकाळ झाली. मी दुकान उघडलं. त्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो नाही. स्वतःला सांगायचो, सांगून काय पोर परत येणार आहे? सांगायचो, त्याचं मन आता कुठं थाऱ्यावर येतंय, कशाला खपली काढायची? सगळं खोटं. मी घाबरलो होतो. ज्याच्या कानाचं नाव आहे तो एका कानानं ठार बहिरा, हे गावात कळलं तर माझ्याकडं पंक्चर काढायलासुद्धा कोण आलं असतं? आणि भूपालसमोर उभं राहून तोंड कसं दाखवायचं? मी स्टँड भिंतीपासून दोन हात पुढं ओढून नवीन रोवला आणि प्रत्येक फ्रेम उजव्या कानानं ऐकायला लागलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, पाठ दुखते, फटीत वाकता येत नाही.

श्रावणात एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. त्या कधी दुकानात येत नसत. हातात कापडी पिशवी. मी स्टूल पुसून दिलं. त्यांनी पिशवीतून ते दोन तुकडे काढून मांडीवर ठेवले.

“यांनी माळ्यावर टाकले होते,” त्या म्हणाल्या. “मी काढून घेतले. भावजी, मी रोज दुपारी हे वाजवते. रुपयाच्या नाण्यानं.”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“हसू नका. मला काय कळत नाही त्यातलं. पण दोन्ही सारखेच वाजतात मला. आधी वाटलं, आपल्याला हवं तेच ऐकू येतंय. म्हणून डोळे मिटून वाजवून बघितले, कुठला कुठला ते न बघता. ओळखता येत नाही भावजी. दोन्ही सारखेच.” त्यांनी एक तुकडा माझ्याकडं केला. “तुम्ही एकदा ऐका.”

एवढंच करायचं होतं. हात पुढं करायचा, तो तुकडा घ्यायचा, वाजवायचा आणि म्हणायचं, वहिनी, तुमचं बरोबर आहे. पोर पडलं नव्हतं. माझा कान गेलाय. त्यांचा हात तसाच पुढं होता, काचेच्या हिरव्या बांगड्या घातलेला.

“कापल्यावर आवाज बदलतो वहिनी,” मी म्हणालो. “आता त्याचं काही कळायचं नाही.”

“असं असतं का?”

“असतं.”

त्यांनी तुकडा मागं घेतला. जरा वेळ दोन्ही तुकडे मांडीवर जुळवत बसल्या.

“मग एक सांगा. तुमचा कान कधी चुकला नाही?”

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. समोर एका चाकाच्या तारा ढिल्या होत्या, त्या आवळत म्हणालो, “वीस वर्षांत नाही वहिनी.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

तुकडे पिशवीत घातले, पदर सारखा केला आणि उठल्या. मी पाणी विचारलं, नको म्हणाल्या. पायरी उतरताना दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबल्या, गुडघे दुखायचे त्यांचे. मग हळूहळू रस्त्याला लागल्या.

जानेवारीत त्या गेल्या. साखर होती, पायाची जखम चिघळली, बारा दिवस दवाखान्यात होत्या. मी दोनदा बघायला गेलो आणि दोन्ही वेळा दारातूनच परत आलो. जैनबला वाटलं, मला दवाखान्याचा वास सहन होत नाही.

महिना झाल्यावर मी भूपालकडं गेलो. तो पहिल्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी बसला होता. बस म्हणाला. मी उभाच राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. वकिलाची फ्रेम, भिंतीची फट, पेला, कोल्हापूरचा डॉक्टर. म्हणालो, सन्मतीची फ्रेम चांगली होती. पोर पडलं नव्हतं भूपाल. तुझ्यापासून त्यानं काही लपवलं नव्हतं.

तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

“कधी कळलं तुला?”

“जुलैत.”

“कुठल्या जुलैत?”

“गेल्या.”

त्यानं मान वळवली. “ती श्रावणात आली होती तुझ्याकडं.”

“आली होती.”

“ते तुकडे घेऊन.”

“हो.”

“तू काय सांगितलंस तिला, ते मला माहीत आहे,” भूपाल म्हणाला. “त्या दिवशी घरी आली आणि आपण होऊन माझ्याशी बोलली. किती महिन्यांनी बोलली. मी कपडे वाळत घालत होतो, मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, तुमचंच खरं. पडला असेल पोर. भावजींचा कान चुकत नाही.”



“मला बरं वाटलं होतं रे,” तो म्हणाला. “लाज वाटते सांगायला, पण वाटलं, चला, आता दोघं मिळून रडू. रडलोही. तिनं मला माफ केलं. पण तिला ते सोसलं नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी तापात एकच बडबडायची. मला का नाही सांगितलं त्यानं? मी काय मारणार होते का त्याला? मी काय मारणार होते?”

तो उठला. कपाटातून ती कापडी पिशवी काढली. दोन तुकडे जमिनीवर ठेवले आणि बाजूला एक रुपया.

“वाजव.”

“भूपाल...”

“वाजव. मला ऐकायचंय.”

मी खाली बसलो. डोकं तिरपं करून उजवा कान खाली केला आणि एक तुकडा वाजवला. मग दुसरा. परत पहिला. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता, डोळे मिटून. आम्ही दोघं म्हातारे जमिनीवर बसून ते वाजवत होतो. दोन्ही तुकडे अगदी एकसारखे वाजत होते, खणखणीत, कुठं कसर नाही. अब्बांनी ऐकलं असतं तर छातीशी धरले असते.

“एवढंच ती सांगत होती,” भूपाल म्हणाला.

मी त्याच्या पायाला हात लावायला गेलो. त्यानं पाय मागं घेतले, रागानं नाही, अंगावर पाणी उडू नये म्हणून सरकावं तसे.

“तू जा आता,” तो म्हणाला. “परत येऊ नको. शिव्या देत नाही मी तुला. फक्त येऊ नको.”

याला बारा वर्षं झाली. मी गेलो नाही. दुसऱ्याच दिवशी दुकानावर पाटी लावली, फ्रेम तपासून मिळणार नाही. कुणी विचारलं तर कान गेलाय म्हणून सांगतो, आणि लोक बिचारा म्हणतात, दुसरं काही म्हणत नाहीत. मी ज्याला घाबरलो होतो ते एवढंच होतं.

त्या दिवशी मी जिना उतरत होतो तेव्हा मागून आवाज आला. मला वाटलं, भूपाल हाक मारतोय. थांबलो, उजवा कान वर केला. तो नाणं वाजवत होता. एकदा या तुकड्यावर, एकदा त्या. मध्ये जरा थांबायचा. मग त्याचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, तिच्याशी बोलायचा तसा.

“सारखेच आहेत गं,” तो म्हणत होता. “दोन्ही सारखेच आहेत.”